खाटेवरून उठवणारे हात

इ. स. १९३५. लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ येथे वेस्ट मिडलसेक्स हे मोठे सार्वजनिक रुग्णालय होते. त्याच्या शेजारच्या जुन्या वर्कहाऊसमधले आजाऱ्यांचे वॉर्ड त्या वर्षी रुग्णालयाच्या ताब्यात आले. त्या वॉर्डांत शेकडो माणसे पडून होती. 'पडून होती' हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. त्यातली बहुतेक म्हातारी होती, कित्येक जण वर्षानुवर्षे खाटेवरून उतरलेले नव्हते, आणि खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे होते. या साऱ्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन या अडतिशीतल्या डॉक्टरबाईंवर टाकण्यात आली. त्या मुळात शस्त्रक्रियेकडे ओढा असलेल्या. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करणे ही तेव्हा बढती समजली जात नसे.

वॉरेनबाईंनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. त्यांनी प्रत्येकाला तपासले. नुसते नाडी-जीभ पाहून नव्हे, तर हा माणूस इथे का आहे, त्याला झाले काय होते आणि तो उठत का नाही, हे विचारून. अनेकांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही रोगात सापडेना. अर्धांगवायू होऊन गेलेला होता, पण पुढे कोणी पाय हलवून पाहिलेला नव्हता. मांडीचे हाड मोडले होते, ते जसे जमेल तसे जुळले, पण त्यानंतर उभे करायला कोणी आले नाही. काहींना तर केवळ सांभाळणारे कोणी नाही म्हणून दाखल केले होते. पुढे खाटेनेच त्यांना रोगी केले.

मराठीत आपण 'अंथरुणाला खिळलेला' असे म्हणतो. शब्द इतका रुळला आहे, की खिळा कोणी ठोकला हे विचारायचे राहून जाते. या लेखाचा विषय तो खिळा आहे, आणि तो उपटण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्या माणसांचे शिक्षण. डॉक्टरांचे नव्हे. म्हाताऱ्यांना उठवणारे, बसवणारे, न्हाऊ घालणारे जे हात असतात, ज्यांना आपल्याकडे 'मावशी' नाहीतर 'मामा' म्हणतात आणि ज्यांची नावे कुठल्याच इतिहासात येत नाहीत, त्यांचे.

वॉरेनबाईंच्या आधी हे काम कोण करत होते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३४ च्या गरीब कायद्याने इंग्लंडभर वर्कहाऊसे उभी राहिली. ज्याला पोट भरता येत नाही त्याने तिथे यावे, पण तिथली व्यवस्था इतकी रुक्ष ठेवावी की कोणाला यावेसे वाटू नये, हे त्यामागचे उघड धोरण होते. कल्पना अशी होती की धडधाकट आळशी लोक येतील आणि त्यांना कामाला लावता येईल. प्रत्यक्षात आले ते म्हातारे, आजारी, वेडसर आणि पोरकी मुले. त्यांची शुश्रूषा करायला पगारी माणसे नव्हती. वर्कहाऊसमधल्याच त्यातल्या त्यात हातीपायी धड असलेल्या बायांना या कामाला जुंपत. मोबदला म्हणजे थोडे जास्तीचे अन्न, कुठे कुठे बिअर.

१८६५ मध्ये लिव्हरपूलच्या ब्राऊनलो हिल वर्कहाऊसमध्ये अ‍ॅग्नेस जोन्स ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पठडीत तयार झालेली परिचारिका बारा शिकलेल्या परिचारिका घेऊन आली. विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याने खर्च उचलला होता. तिने आधी तिथल्याच गरीब बायांना शिकवून तयार करायचा प्रयत्न केला. तो बहुतांशी फसला. दारूपायी कितीतरी जणींना काढून टाकावे लागले. तीन वर्षांत जोन्स स्वतः टायफसने गेली, तेव्हा ती पस्तिशीचीच होती. तिच्या कामाचे कौतुक खूप झाले, पण वर्कहाऊसमधल्या रहिवाशांना परिचारक म्हणून वापरू नये असा सरकारी हुकूम निघायला १८९७ उजाडावे लागले. म्हणजे म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे शिकून करायचे काम आहे, एवढे मान्य व्हायला वर्कहाऊसच्या व्यवस्थेत त्रेसष्ट वर्षे गेली.

आणि शिकलेल्या परिचारिका आल्या म्हणून म्हातारे उठले का? नाही. उलट ते अधिक नीटनेटके झोपले. कारण त्या काळाचे वैद्यकच खाटेच्या बाजूने होते. जॉन हिल्टन या लंडनच्या शल्यविशारदाची विश्रांतीच्या उपचारसामर्थ्यावरची व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पिढ्यानपिढ्या वाचली गेली. अमेरिकेत वेअर मिचेलचा 'विश्रांती उपचार' निघाला. त्यात रुग्णाला, आणि तो रुग्ण बहुधा बाईच असे, आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत. हृदयविकाराचा झटका आलेल्याला सहा सहा आठवडे उताणे ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. (जाता जाता : खुद्द नाइटिंगेलबाई क्रिमियाहून परतल्यावर अनेक वर्षे बऱ्याच अंशी अंथरुणातून आणि कोचावरूनच कारभार हाकत होत्या. अंथरुणातून साम्राज्याची आरोग्यव्यवस्था हलवता येते, पण त्यासाठी नाइटिंगेल असावे लागते.) अशा वातावरणात चांगल्या परिचारिकेची खूण कोणती? चादरीला सुरकुती नाही, खाटा एका रेषेत, रुग्ण शांत. फेरीला येणाऱ्या डॉक्टरला खाट रिकामी दिसली तर प्रश्न, आणि रुग्ण जमिनीवर पडलेला दिसला तर नोकरीवर गदा.

वॉरेनबाईंनी जो बदल केला तो या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. त्यांनी रुग्णांची वर्गवारी केली. सुधारू शकणारे, थोडी मदत लागणारे, कायम शुश्रूषा लागणारे आणि रुग्णालयात असण्याचे काहीच कारण नसलेले, असे गट पाडले. वॉर्डांना उजळ रंग दिले, दिवे वाढवले. धरायला कठडे आणि दांडे बसवले, बसण्या-उठण्याला सोयीच्या उंचीच्या खुर्च्या आणवल्या. पायाची नखे कापणे, नीट बसणारे बूट देणे, चष्मे, कवळ्या, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर त्यांचा भर असे. पायात सपाता असतील तर माणूस चालेल कसा? अंगात रुग्णालयाचा झगाच असेल तर तो खोलीबाहेर पडेल कशाला? आता वाचताना हे सारे उघड वाटते, पण तोपर्यंत कोणी केलेले नव्हते. अर्धांगवायू झालेल्यांना टप्प्याटप्प्याने उभे करण्याची आणि पाय कापलेल्या वृद्धांना चालवण्याची त्यांनी रीत बसवली. बरेच जण घरी गेले किंवा साध्या निवासी गृहात गेले. रिकाम्या झालेल्या खाटा छातीच्या विकारांच्या रुग्णांसाठी देता आल्या, आणि प्रशासनाला पटला तो बहुधा हाच मुद्दा असावा.

त्यांचा लेख १९४३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि १९४६ मध्ये दुसरा लॅन्सेटमध्ये. पहिल्या लेखातली मागणी अशी : दीर्घकाळ आजारी वृद्धांचे विभाग आडबाजूला न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयातच असावेत, म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी आणि शिकाऊ परिचारिका या दोघांनाही तिथे शिकता येईल. वॉरेनबाईंचे चरित्र सांगताना त्यांना 'ब्रिटिश वृद्धवैद्यकाची जननी' म्हणून मोकळे होतात आणि हा परिचारिकांचा भाग बाजूला राहतो. मला तो मध्यवर्ती वाटतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन 'यांना उठवा' असे लिहून जाईल. उठवायचे कसे, कोणत्या बाजूने धरायचे, किती धरायचे आणि कधी सोडायचे, हे दिवसातून दहा वेळा ठरवणारा माणूस वेगळाच असतो.

लढाईच्या काळात हा विचार इतरत्रही रुजला. एसेक्समध्ये ऑर्सेट येथे लायोनेल कोसिन या शल्यविशारदाने मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर उभे करायला सुरुवात केली. १९४७ मध्ये वॉरेन, कोसिन, ट्रेव्हर हॉवेल आदी मूठभर डॉक्टरांनी वृद्धांच्या वैद्यकीय सेवेसाठी एक संस्था काढली. तीच पुढची ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरने अंथरुणाला जाण्याचे धोके सांगणारा एक छोटा, खुसखुशीत लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला. एकेक अवयव घेऊन त्याने दाखवले, की पडून राहण्याने फुफ्फुसाचे काय होते, रक्तवाहिन्यांचे, हाडांचे, स्नायूंचे, आतड्यांचे आणि शेवटी मनाचे काय होते. हाच अ‍ॅशर खोट्या आजाराने रुग्णालये पालथी घालणाऱ्यांच्या विकाराला 'मुंचहाउसेन' हे नाव देणारा. त्याच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरी पुढे पॉल मॅकार्टनी काही वर्षे राहत होता, पण ती वेगळी गोष्ट.

अ‍ॅशरचे म्हणणे अनुभवातून आलेले होते, मोजमाप नंतर आले. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवून त्यांच्या हृदयाची आणि श्वसनाची क्षमता आधी-नंतर मोजण्यात आली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या शरीराच्या कामाच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त तेव्हाच्या त्या तीन आठवड्यांनी केले होते. विशीतल्या धडधाकट माणसाची ही गत, तर ऐंशीतल्या माणसाने न्यूमोनिया होऊन पंधरा दिवस पडून राहणे म्हणजे काय, याचा अंदाज करता येतो.

एवढे ज्ञान हाताशी असताना पुढे काय झाले? १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आली आणि गरीब कायदा संपला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने स्थानिक संस्थांवर वृद्धांसाठी निवासी गृहे चालवण्याची जबाबदारी टाकली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना उदार होती. वर्कहाऊसमधल्या मास्तर आणि कैद्यासारखे नाते नको, हॉटेलचा व्यवस्थापक आणि पाहुणा असे नाते हवे. कल्पनेतला चांगुलपणा मान्य करूनही म्हणावे लागते, की तिच्यात एक खोट होती. हॉटेलातल्या पाहुण्याला सारे हातात आणून देतात. त्याने उठावे, चालावे ही अपेक्षा कोणी ठेवत नाही. शिवाय आजारी वृद्ध रुग्णालयाकडे आणि 'नुसते म्हातारे' निवासी गृहाकडे अशी वाटणी झाल्यामुळे वॉरेनबाईंची रीत रुग्णालयाच्या भिंतीआड राहिली. गृहात फिजिओथेरपिस्ट नाही, शिकलेली परिचारिकाही बहुधा नाही. होत्या त्या आसपासच्या वस्तीतल्या, घर सांभाळून कामाला येणाऱ्या बायका, आणि त्यांचे प्रशिक्षण म्हणजे आधीच्या बाईकडे पाहून शिकणे.

१९५८-५९ मध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्समधली अशी १७३ गृहे पाहिली. त्याचा ग्रंथ १९६२ मध्ये आला. अनेक गृहे जुन्या वर्कहाऊसच्याच इमारतीत चालत होती. पण नव्या, छोट्या, स्वच्छ गृहांतही त्याला दिसलेले मुख्य दुखणे रिकामपणाचे होते. माणसे बसून होती. करण्यासारखे काही नाही, आणि जे करता येण्यासारखे होते ते दुसरे कोणी करून टाकलेले.

बसण्याच्या व्यवस्थेवरून आठवले. त्याच सुमारास कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात रॉबर्ट सोमर या मानसशास्त्रज्ञाला एका नूतनीकरण झालेल्या वृद्ध-वॉर्डाबद्दल विचारणा झाली : सगळे नवे आहे, रंग छान आहे, तरी बायका एकमेकींशी बोलत का नाहीत? त्याने पाहिले तर खुर्च्या भिंतीलगत ओळीने मांडलेल्या. कोणाशी बोलायचे तर मान वाकडी करावी लागे. त्याने छोटी चौकोनी टेबले आणून खुर्च्या त्यांच्याभोवती लावल्या आणि बायकांचे एकमेकींशी बोलणे सुमारे दुप्पट झाले. पण खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे जात. झाडणाऱ्याला मध्ये मोकळी जागा हवी, परिचारिकेला एका नजरेत सगळे दिसायला हवे, आणि रहिवाशांनाही तीच सवय. आपल्याकडे मी जेवढे वृद्धाश्रम आतून पाहिले, त्यातल्या बहुतेकांत दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीलाच होत्या, आणि समोर टीव्ही.

परिचारिकांच्या बाजूने या प्रश्नाला पहिल्यांदा शास्त्रीय शिस्तीने भिडणाऱ्यांत डोरीन नॉर्टन यांचे नाव घ्यायला हवे. त्या स्वतः परिचारिका. लंडनच्या रुग्णालयात त्यांनी वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला, तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. अंथरुणातल्या जखमांवर तेव्हा नाना तऱ्हेची मलमे, स्पिरिट, पावडरी चोळत. नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कामाला येते ते चोळणे नाही, तर वेळच्या वेळी कूस बदलणे, दाब हलवणे. त्यांनी केलेली गुणांची पट्टी आजही जगभर वापरतात. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा असे पाच रकाने, प्रत्येकी चार गुण, एकूण वीस. चौदा किंवा कमी आले तर जखमेचा धोका. त्यातले 'वावर' आणि 'हालचाल' हे दोन वेगळे रकाने मला महत्त्वाचे वाटतात. माणूस हातपाय हलवू शकतो की नाही हा एक प्रश्न, आणि तो प्रत्यक्षात खोलीत हिंडतो की नाही हा दुसरा. दोहोंच्या मधल्या फटीतच सगळा इतिहास आहे.

त्या फटीत काय घडते हे सगळ्यात बारकाईने पाहिले मार्ग्रेट बाल्टेस यांनी. या जर्मन मानसशास्त्रज्ञ, आधी अमेरिकेत आणि मग बर्लिनमध्ये काम केलेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धगृहांत तासन्‌तास बसून फक्त नोंदी केल्या : रहिवाशाने काय केले, लगेच नंतर कर्मचाऱ्याने काय केले. निघालेला नमुना विलक्षण स्थिर होता. रहिवासी म्हणाला, 'मला जमत नाही', किंवा नुसताच हात पुढे करून बसला, की कर्मचारी तत्परतेने येई, बोले, मदत करे. रहिवाशाने स्वतः मोजा चढवला, स्वतः तोंड धुतले, तर कोणी काही म्हणत नसे. बहुतेक वेळा कोणी पाहतही नसे. म्हणजे दिवसभरात माणसाचा सहवास मिळवण्याचा खात्रीचा मार्ग एकच, परावलंबी होणे. वृद्धांना हे कळत होते की नकळत घडत होते, हा प्रश्न गौण आहे. एकटेपणात ज्याने माणूस जवळ येतो ते आपण करतो.

इथे कर्मचाऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. उलट, बाल्टेस यांच्या नोंदींतले कर्मचारी प्रेमळच होते. हातात वेळ कमी आणि माणसे जास्त असली की ब्लाऊजची बटणे लावून देणे झटपट होते. तिला स्वतः लावू द्यायची तर शेजारी थांबावे लागते, आणि थांबणे हे काम दिसत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक पदर आहे. 'सेवा' या शब्दाचा आपल्या मनातला अर्थ करून देणे असाच आहे. म्हातारीला आयते ताट देणे म्हणजे सेवा, आणि 'आजी, वाटी तुम्हीच घेऊन या' म्हणणे म्हणजे उर्मटपणा. भेटीला आलेल्या मुलाला आई स्वतःची चादर घडी करताना दिसली, तर तो ऑफिसात जाऊन विचारतो, 'आम्ही पैसे कशाचे भरतो?' मावशीला दोष द्यायच्या आधी या मुलाचाही विचार करावा.

बाल्टेस नोंदींवर थांबल्या नाहीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी जर्मन वृद्धगृहांतल्या कर्मचाऱ्यांसाठी खास प्रशिक्षण आखले. व्याख्यान कमी, स्वतःच्या वागण्याकडे पाहायला शिकवणे जास्त : मी केव्हा जवळ जाते, केव्हा बोलते, हात केव्हा पुढे करते. प्रशिक्षणानंतर कर्मचारी स्वावलंबनाला दाद देऊ लागले आणि त्यांच्या देखरेखीखालच्या वृद्धांचे स्वतःहून करणे वाढले. वृद्धांना काहीच शिकवलेले नव्हते. शिकवले होते ते त्यांच्याभोवतीच्या हातांना.

याच्या चार वर्षे आधी बॉस्टनमधून एक बातमी आली होती, तिने वैद्यकाचा मोठा समज मोडला. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका वृद्धगृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे वजने उचलायला लावली. लुटुपुटूची नव्हे, पेलेल त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतची. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये शंभर रहिवाशांवर मोठा प्रयोग झाला. सरासरी वय ८७, दहा आठवडे व्यायाम. ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्तीही वाढली. नव्वदीतला स्नायू शिकत नाही हा समज तिथे संपला. पण पहिल्या प्रयोगातला एक आकडा फारसा सांगितला जात नाही. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला बत्तीस टक्क्यांची गळती लागली. संशोधक सामान बांधून गेले की म्हातारे पुन्हा खुर्चीत. मग रोज तिथेच असणारे कोण?

अमेरिकेत तेव्हा रोज तिथे असणाऱ्यांच्या हातात पट्टे होते. १९८०च्या दशकात तिथल्या नर्सिंग होममधल्या दर दहांपैकी चौघांच्या आसपास रहिवाशांना खुर्चीला किंवा खाटेला बांधून ठेवले जाई. पडू नयेत म्हणून. लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोन परिचारिका-प्राध्यापिकांनी १९८९ मध्ये उपलब्ध सारे अभ्यास तपासले, तेव्हा बांधल्याने माणसे इजेपासून वाचतात याला आधार सापडला नाही. हानीची उदाहरणे मात्र ढीगभर होती. त्याआधी १९८७ मध्ये संसदेने नर्सिंग होम सुधारणेचा कायदा केलाच होता. त्याने बांधण्यावर निर्बंध आणले, आणि त्याचबरोबर परिचर-साहाय्यकांना किमान पंचाहत्तर तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना रोज हात लावणाऱ्या माणसाने किती शिकलेले असावे, याचा आकडा अमेरिकेत देशभरासाठी असा कायद्याने ठरला. पंचाहत्तर तास कमी आहेत असे तिथले लोक तेव्हापासून म्हणत आहेत. पुढे सरकारी पैशाच्या हिशेबात चालवणे, उठवणे-बसवणे, स्वतः कपडे घालायला लावणे याला 'पुनःस्थापक शुश्रूषा' म्हणून जागा मिळाली : दिवसाला निदान पंधरा मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस, नोंदीसह. पैसे नोंदीला मिळू लागल्यावर नोंदी सुंदर होऊ लागल्या. असे कुठेही होते.

आता प्रश्न असा, की कर्मचाऱ्यांना शिकवले म्हणजे काम झाले का? इथे संशोधनाचा निकाल संमिश्र आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे मॅकमर्डो आणि रेनी यांनी १९९३ मध्ये वृद्धगृहांत खुर्चीत बसून करायचा संगीताच्या तालावरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, सात महिने घेतला. दुसऱ्या गटाला त्याच वेळी जुन्या आठवणींच्या गप्पा. व्यायामाच्या गटाची पकड, खुर्चीतून उठणे, रोजची कामे सुधारली, गप्पांचा गट खाली गेला. हा झाला चांगला निकाल, पण व्यायाम घेणारे बाहेरून येत होते. न्यूझीलंडमध्ये एन्गाइरे कर्स यांनी ४१ गृहांत, ६८२ रहिवाशांवर प्रयोग केला. परिचारिकेने प्रत्येकासाठी रोजच्या कामात बसेल अशी हालचाल ठरवायची आणि गृहातल्या साहाय्यकांनी ती करवून घ्यायची. २००८ मध्ये निकाल आला : एकंदरीत फारसा फरक नाही. ज्यांची बुद्धी शाबूत होती त्यांना थोडा फायदा. ज्यांची स्मृती ढासळलेली होती त्यांच्यात उदासी वाढल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये ७८ गृहांत कर्मचाऱ्यांना नैराश्य ओळखण्याचे शिक्षण आणि रहिवाशांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम असा मोठा प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नैराश्यात फरक पडला नाही.

या अपयशांचा अर्थ म्हाताऱ्यांना हलवून उपयोग नाही असा काहींनी लावला. मला तो पटत नाही. माझ्या मते उत्तर कॅलिफोर्नियातल्या जॉन श्नेल यांच्या कामात आहे. त्यांनी वेगळा 'व्यायामाचा तास' ठेवलाच नाही. दर दोन तासांनी रहिवाशाला संडास-लघवीला विचारायचे, आणि नेता-आणताना त्याच फेरीत काही वेळा खुर्चीतून उठ-बस, थोडे चालणे किंवा चाकाची खुर्ची स्वतः ढकलणे. असे दिवसातून चारदा, आठवड्याचे पाच दिवस, आठ महिने. ताकद, चालणे आणि कोरडे राहणे, तिन्ही सुधारले. आणि मग श्नेल यांनी इतरांनी टाळलेली गोष्ट केली : या कामाला माणसे किती लागतात ते मोजले. बहुतेक नर्सिंग होममध्ये जेवढे साहाय्यक होते त्यांत हे बसत नव्हते. शिकवलेली मावशी विसरत नाही. सकाळी आठ जणांना अंघोळ घालून नऊच्या आत नाश्त्याला बसवायचे आहे, एवढे ती जाणते. तिच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि ड्यूटीचा तक्ता टेबलावर.

स्कॉटलंडच्या देखरेख यंत्रणेने २०१७ पासून जो कार्यक्रम राबवला त्यात हे थोडे उमगलेले दिसते. व्यायामशिक्षक आणा असे न सांगता त्यांनी गृहांना रोजच्या दिवसात हालचाल शोधायला सांगितले. टेबल मांडणे, पत्र आणायला दारापर्यंत जाणे, कपड्यांच्या घड्या. आणि त्यासाठी व्यवस्थापक, स्वयंपाकी, सफाई कामगार या सगळ्यांनाच शिकवायला घेतले. सोमरच्या खुर्च्या भिंतीकडे नेणारा झाडूवाला इथे पहिल्यांदा वर्गात बसला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या बाजूला या इतिहासाचा धागा जुना आहे, पण तुटक. पुण्यात १८६० च्या दशकात ससून घराण्याच्या दानातून निराधारांसाठी आश्रयगृह उभे राहिले. आज त्याला 'निवारा' म्हणून ओळखतात. जुन्या नावात 'अनाथ पंगू गृह' असे शब्द होते. आत येणारा चालू शकत नाही, हे दारावरच ठरलेले. ते त्या काळाला धरून होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतून आलेली 'प्रोव्हेदोरिया' आजही वृद्धाश्रम चालवते. २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद केली. इमारतीचा, खाटांचा हिशेब त्यात आहे. त्या खाटांवरून उठवणाऱ्याने काय शिकलेले असावे, याबद्दल अमेरिकेच्या पंचाहत्तर तासांसारखा आकडा त्या कायद्यात नाही.

आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायांजवळ एक जमेची बाजू आहे, ती कोणत्याही पाश्चात्त्य अभ्यासक्रमात नसते. खुद्द त्या आणि त्यांच्या हाताखालचे आजी-आजोबा, दोघेही जमिनीवर बसून वाढलेले. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, पाटावरून हात न टेकता उठणे हा त्या पिढीचा आयुष्यभराचा व्यायाम होता. वृद्धाश्रमात आल्यावर पहिल्याच दिवशी तो बंद होतो, कारण खाली बसलेले उठतील की नाही याची धास्ती. ती धास्ती खरी आहे. पण ज्याला उठता येत होते त्याला महिनाभर बसू दिले नाही, तर महिन्याअखेर त्याला खरेच उठता येत नाही. मग फाइलवर 'जमिनीवर बसवू नये' असा शेरा येतो, आणि पुढच्या पाळीच्या मावशीला तो शेरा आधी दिसतो, माणूस नंतर.

या बायकांसाठी आता अभ्यासक्रम निघाले आहेत. ब्युरोंचे आठवड्याचे वर्ग आहेत, कौशल्य विकास योजनेतले काही महिन्यांचे आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाचे वृद्धसेवेचे आहेत. त्यांत रक्तदाब मोजणे, डायपर बदलणे, नळीने अन्न देणे, खाटेवर स्पंज करणे हे सारे शिकवतात आणि ते शिकवायलाच हवे. या कामाला रूढ झालेले नाव मात्र 'बेडसाइड असिस्टंट' असे आहे, म्हणजे खाटेशेजारचा मदतनीस. मार्जरी वॉरेन १९६० मध्ये युरोपात एका परिषदेला जाताना मोटार अपघातात वारल्या. त्यांच्या वॉर्डातले धरून चालायचे दांडे खाटेशेजारी नव्हते. ते खाटेपासून दाराकडे जाणाऱ्या भिंतीवर होते.